उष्टे लाडू

एडिनबरा सोडल्यापासून परीक्षितच्या हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर मचमच ऐकू येत होती. बाइकवर मागे बसलेली बायको, नीना, बहुधा तोंड उघडं ठेवून काहीतरी चघळत होती. त्याला अगदी किळस आली होती.

पिटलॉक्रीला चहासाठी थांबल्यावर त्यानं आईनं दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला. वरचा लाडू अर्धा खाल्लेला होता, लाळेनं चिकट झालेला. पुढच्या गावात पाहिलं, तर दुसराही तसाच.

"नीना, उष्टा लाडू परत डब्यात ठेवतेस? शी!"

"अरे, संकष्टी आहे माझी! सकाळपासून नुसत्या पाण्यावर आहे मी."

त्यानं तिथल्या तिथे सगळे लाडू कचऱ्यात ओतले.

त्यापुढच्या आडगावात, पेट्रोल भरून झाल्यावर, नीना टॉयलेटला गेली. तिचं हेल्मेट सीटवरच होतं. परीक्षितनं आपलं डोक्यात घालून काच खाली ओढली, आणि मचमच सुरू झाली. चिडून त्यानं इंटरकॉम बंद केला.

तरी ती चालूच राहिली, अगदी कानाला लागून.

मग थांबली. आणि बंद काचेच्या आत, बाळाला घास भरवावा तितक्या मायेनं, बेसनाचा एक कोमट, चावून मऊ केलेला गोळा त्याच्या ओठांना टेकला.