चौथं टूल

रक्तपेढीचा एपीआय, म्हणजे हॉस्पिटलांकडून रक्ताच्या मागण्या घेणारा प्रोग्राम, तपासायला कोणतं टूल घ्यायचं, ते आज ठरणार होतं. तीन टूल्सनी सगळं हिरवं दाखवलं. चौथ्या, फुकट मिळणाऱ्या ओपन सोर्स टूलने चूक दाखवणारी लाल ओळ आणली, तशी मृण्मयी खुर्चीत ताठ बसली.

“ते बाद कर,” मागून दाभाडे सर म्हणाले. “एपीआय मी स्वतः लिहिलाय. सोमवारी सुरू होतोय.”

“सर, बाकीच्यांनी आपण दिलेलीच उदाहरणं चालवली. हे आपल्या मनाने काहीबाही पाठवून बघतं. याने झेड रक्तगटाच्या दोन पिशव्या मागितल्या.”

“असा रक्तगटच नसतो.”

“आपल्या सर्व्हरने दिल्या, सर.”

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि बाह्या सरसावल्या.

“हेच घ्यायचं. चालव पुन्हा. अजून काय काय चुकलंय माझं, सगळं काढ बाहेर.”