बालवाडीतली जागा

बायको नर्स, नवरा बसचा ड्रायव्हर. लेकीला कुठल्याच बालवाडीत जागा मिळेना, तेव्हा दोघांपैकी कुणीतरी घरी राहणं भाग होतं. तो राहिला. बालवाड्यांचे उंबरे झिजवून झाले, पण सगळीकडे एकच उत्तर, "पुढच्या वर्षी बघू." त्यात मेव्हणा येता-जाता विचारायचा, "काय दाजी, अजून घरीच?"

त्या सकाळी लेकीला कडेवर घेऊन तो आणखी एका बालवाडीच्या दारात उभा राहिला. तिथल्या बाई म्हणाल्या, "खोली आहे, खेळणी आहेत, पण सांभाळायला माणूस नाही हो. मी एकटी कुठे कुठे पुरी पडू?" तेवढ्यात आतून रडण्याचा एकच कल्लोळ उठला. बाई धावल्या, त्यांच्यामागे हाही आत शिरला. एकाला उगी करावं तर दुसरं भोकाड पसरत होतं. त्याने लेकीला खाली ठेवलं, चिमुकल्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या, सगळ्यांत पुढच्या खुर्चीत कसाबसा मावला आणि खणखणीत आवाज दिला, "चला, बस सुटतेय! रडणाऱ्यांना खिडकीची जागा!"

बघता बघता बस भरली. बाई डोळे पुसत हसायला लागल्या.

दुपारी बायकोने फोन केला. "काय झालं? मिळाली का जागा?"

"मिळाली की! आम्हा दोघांनाही," तो म्हणाला. "तिला उद्यापासून, मला आजपासूनच."