घोटभर

सृष्टीने डब्याचं झाकण उघडलं आणि तिच्या वडिलांनी, वैजीनाथने, लगेच खिशातून मोबाइल काढला.

"उगवलं की!"

डब्यातल्या काळ्या मातीतून ज्वारीचे तीन पोपटी कोंब वर आले होते. शेजारीच देवघरापुढे घट मांडलेला होता. नवरात्राची आज पाचवी माळ. घटातल्या धानाला रोज पाणी मिळत होतं, डब्याला द्यायचं नव्हतं. सृष्टीने त्यात रानातली, हातभर खोलातली माती भरली होती, चार दाणे पेरले होते आणि झाकण लावलं होतं. पाऊस नसताना नुसत्या मातीतल्या ओलीवर ज्वारी उगवते का, एवढंच तिला बघायचं होतं.

सोयाबीन फुलातच वाळलं होतं. रब्बीसाठी घरात एका पेरणीपुरतं बी होतं. ते वाया गेलं की संपलं. पेरायचं तर आईवडिलांनी गावात राहायला हवं. नाहीतर दोघांनी सहा महिने ऊस तोडायला जायचं. मुकादमाला आज हो किंवा नाही सांगायचं होतं.

"आश्रुबाला सांगून टाकतो, औंदा न्हाई येत म्हून," वैजीनाथ नंबर शोधत म्हणाला.

"थांबा, पप्पा."

सृष्टीने चमच्याच्या दांड्याने कडेची माती उकरली. वर ओली होती. दोन बोटं खाली नुसती भुकटी. ओल असलीच तर तळाशी असायला हवी होती. इथे उलटंच होतं.

"ह्यात पाणी कुणी घातलं?"

"माझ्याकडं काय बघायलीस?" तिची आई, विजयमाला, चुलीपुढून म्हणाली. "मला मरायला सवड न्हाई."

उरली आजी. धुरपताबाई घटावरची माळ सारखी करू लागल्या. माळ सारखीच होती.

"आज्जी?"

"घोटभर घातलं रोज. माझ्या तांब्यातलं घातलं, टँकरच्या टाकीला हात लावला न्हाई."

"पण कामून?"

"देवीम्होरं बी ठिवायचं अन् त्याला तहानलेलं ठिवायचं? वरून आणखी झाकण! एवढी बीएस्सी करायलीस, जीव कोंडतो एवढं कळंना का तुला?"

विजयमालेला हसू आवरेना. "मांजर तोंड घालंल म्हून पोरीनं राखण केली. आत्याबाईची राखण कुणी करावी?"

वैजीनाथ हसला नाही. त्याने मोबाइल जमिनीवर पालथा ठेवला. "म्हंजे रानात ओल न्हाई. जावंच लागतंय."

सृष्टी चिडली होती, पण तिची नजर त्या तीन कोंबांवरून हलत नव्हती.

"आज्जी, घोटभर म्हणजे किती?"

"घोटभर म्हंजे घोटभर."

सृष्टीने खोकल्याच्या औषधाचं झाकण आणलं. त्यावर मिलिलिटरच्या खुणा होत्या. धुरपताबाईंनी तांब्या कलता केला, तर पाणी झाकणाबाहेर वाहिलं. दुसऱ्यांदा चार थेंबच पडले.

"सगळे असे टकामका बघायल्यावर हात चालतो का? देवीम्होरं आपोआप पडतंय."

मग सृष्टीने तसलाच दुसरा, रिकामा डबा घटाशेजारी ठेवला. तिघांनी पाठ फिरवली. मागून पुटपुटणं ऐकू आलं, मग पाण्याचा बारीक आवाज.

"हं. एवढं."

ते पाणी झाकणाने मोजलं, तर जेमतेम दोन झाकणं भरली. सृष्टीने पट्टीने डब्याचं तोंड मोजलं, मोबाइलवर भागाकार केला, मग पुन्हा केला.

"चार दिवसांचं मिळून सात मिलिमीटर. आज्जीनं सात मिलिमीटर पाऊस पाडलाय, पप्पा. तेवढ्यावर उगवलंय."

वैजीनाथ पुढे सरकला. "येत्या पंधरवड्याचा अंदाज काय म्हणायलाय?"

"सरासरीपेक्षा कमी. तुरळक ठिकाणी हलका पाऊस."

"हलका म्हंजे?"

"सात त्यात बसतात. पण डब्याला झाकण होतं. रानात ऊन हाय, वारा हाय."

"ते ऱ्हाऊ दे. तुरळक म्हंजे कुठं?"

तिने नकाशा उघडून त्याच्यापुढे धरला. सगळा जिल्हा एकाच पिवळ्या रंगात होता. वैजीनाथने आपलं रान दाखवायला बोट टेकवलं. बोटाखाली मानवतपासून राणीसावरगावापर्यंत सगळं झाकून गेलं. त्याने बोट उचलून पाहिलं आणि पुन्हा टेकवलं, या वेळी नुसतं नखाचं टोक. तरी त्याखाली पाच-पन्नास गावं होती.

फोन वाजला. आश्रुबा मुकादमच होता.

"मुकादम, दसऱ्यापर्यंत दम धरा," वैजीनाथ म्हणाला.

"दसऱ्याला काय हाय?" पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

वैजीनाथने रिकाम्या डब्याकडे पाहिलं. "डबा बघायचाय."

"कसला डबा? सकाळीच घेतली का काय राव? हे बघा, गाडी थांबत न्हाई कुणासाठी. मी दुसरा कोयता बघतो, नवरा-बायकूच्या जोड्या लई हायेत."

फोन बंद झाला. विजयमालेच्या हातातली भाकर तव्यावर टाकायची राहून गेली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने रिकामा डबा उचलला, धोतराच्या सोग्याने आतून कोरडा पुसला आणि चप्पल शोधू लागला.

"रानात पाऊस मोजायला हा कुठं ठेवू? बांधावर?"

"बांधावर नको, झाडं हायेत. मधोमध. आणि झाकण नको."

धुरपताबाई तांब्या घेऊन दारापर्यंत आल्या. "वैजू, भांडं असं रिकामं न्यायचं नसतंय रे. घोटभर तरी—"

वैजीनाथने डब्याच्या तोंडावर तळहात धरला.

"ह्यात न्हाई, माय."