लाल पेन्सिल
नवकवींच्या स्पर्धेतून तिचीच वही पुस्तकासाठी निवडली होती. मार्गदर्शक सर लाल पेन्सिलीने रोज कविता छाटायचे. सोमवारी त्यांनी मांजरावरची कविता खोडली. घरी मांजर दिसेना. आई म्हणाली, "वेडी की काय? आपल्याकडे मांजर होतं कधी?" मंगळवारी अंगणातल्या झाडाची खोडली, तर तिथे सपाट फरशी. बुधवारी पेन्सिल आईवरच्या कवितेशी थबकली. "ही भरतीची वाटते. काढू?" "नको, सर!" ती किंचाळलीच. "मग पुस्तक विसरा. काहीतरी खोडल्याशिवाय वही छापखान्यात जात नाही." तिने पहिलं पान उघडलं. "त्याऐवजी माझं नाव खोडा. निनावीच निघू दे." सरांनी खुशीत रेघ ओढली. धावतपळत घरी येऊन तिने बेल दाबली. दार आईनेच उघडलं. तिचा जीव भांड्यात पडला. "कोण हवंय आपल्याला?" आईने आदबीने विचारलं.