घट्ट वीण

उन्हाळ्यातल्या गार संध्याकाळी खांद्यावर घ्यायला लेक जाळीची शाल विणत होती. माहेरी आली तेव्हा अर्धी झालेली शाल आईनं उजेडात धरली. सुरुवातीची वीतभर जाळी मोकळी, वारा खेळेल अशी. पुढे मात्र टाके इतके आवळलेले, की भोकं बुजलेली. आईनं त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मन थाऱ्यावर नसलं की लेकीचा हात घट्ट पडतो, हे तिला पहिल्यापासून ठाऊक. "इथं काय झालं गं?" "काही नाही. सुया बदलल्या." सुया आईनंच दिलेल्या, त्याच होत्या. न्यायला आलेला जावई दारातून हसत म्हणाला, "आटपा, शाल काय पळून जातेय?" "तुम्ही व्हा पुढे, जावईबापू. वीण बिघडलीये, उसवायला वेळ लागेल." "अहो, घेईल ती चालवून." आईनं मनोमन देवाला हाक मारली. लेकीनं खाली मानेनंच टाक्यांतून सुई सर्रकन ओढून काढली आणि घट्ट वीण उसवायला घेतली.