पानफुटीची पिल्लं
मृत्यूपुढे कुणाचं काही चालत नाही. श्रीरामपुरात आमच्या घरी मात्र पानफुटीचं चालतं. माझी बायको नीलांबरी गेली आणि तिने जोपासलेली पानफुटीची कुंडी मला बघवेना. तेराव्यानंतर मी झाड उपटून फेकलं. पण या झाडाच्या पानांच्या कडेलाच पिल्लं फुटतात, आणि पडतील तिथे रुजतात. महिन्याभरात पायरीवर, धुण्याच्या दगडापाशी, ती बसायची नेमकं तिथेच रोपं उभी राहिली. उपटली की दुप्पट व्हायची. आज दाराबाहेर तशीच राहिलेल्या तिच्या चपलेत एक रोप दिसलं. मी खुरपं ठेवून खाली बसलो. “चुकलं माझं. राहा आता,” म्हणालो. रोप हललं. वारा नव्हता, असता तर बरं झालं असतं. तेवढ्यात फाटकाशी शेजारचा रंगनाथ कंबर धरून उभा राहिला. “काका, मुतखडा लई छळतोय. काकू रोज द्यायच्या, तशी दोन पानं द्या की.”