कुठल्या लाइनला?

घरमालकीण ठकुबाई दारातूनच ओरडत आल्या, “कृष्णात, अरे पोरीनं नाव काढलं की! अमेरिकेत कॉम्प्युटर शिकायला चालली म्हणे!”

वीणाच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स तसाच राहिला. कॉम्प्युटर? तिनं वळून वडिलांकडे बघितलं. अण्णा एकदम वरच्या पंख्याकडे बघायला लागले.

म्हणजे सकाळी पेढे वाटताना त्यांनी गल्लीभर हेच सांगितलं होतं तर!

तसा दोष त्यांच्या एकट्याचा नव्हता. सत्त्याण्णव सालचं, कानडी मुलखातलं बनशंकरी ते. ज्याला-त्याला कॉम्प्युटरचं वेड. पेढा हातावर ठेवला की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘कुठल्या लाइनला?’ आणि वीणाला जिथे फीमाफीसकट प्रवेश मिळाला होता, तिथे लाइनच नव्हती! पहिली दोन वर्षं वाटेल ते शिका. तारे शिका, नाटक शिका, गणितही शिका. विषय काय निवडायचा ते मग बघू. अण्णांनी सगळं माहितीपत्रक तिच्याकडून वाचून घेतलं होतं आणि विचारलं होतं, “आणि हे कॉलेज आहे?” तरीही शेवटी हो म्हणाले होते.

हो म्हणाले, पण चारचौघांत सांगायची लाज वाटते त्यांना. वीणानं ठकुबाईंपुढे बॉक्स धरला. परवा विमान, आणि हे ओझं बरोबर न्यायचं?

“स्वल्प गोड खा, अक्का,” ती कशीबशी म्हणाली.

ठकुबाईंनी पेढा तोंडात टाकला. “आमच्या नातवालाही कॉम्प्युटरलाच घालते बघ. सरी ना, बरोबर ना, कृष्णात?”

अण्णांनी डोक्यावरून हात फिरवला. “नको अक्का, माझं ऐकून त्याला कुठं घालू नका. सकाळी मी थाप मारली. हिचं कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही.”

“मग कुठल्या लाइनला?”

“कुठल्याच नाही. तिथं आधी सगळं चाखून बघायचं, मग ठरवायचं. हिला तेच पाहिजे होतं, आणि तेच मिळालं.”

वीणाला रडूच फुटलं. काय भाग्य घेऊन आलो आपण, असे वडील मिळाले! तिनं तिथेच वाकून त्यांच्या पायांना हात लावला. “अगं ऊठ, पेढे सांडशील,” अण्णा म्हणाले. आणि त्यांनी तिच्या हातातला बॉक्स काढून घेतला.

ठकुबाईंना काही उलगडेना. “म्हणजे पोरगी साता समुद्रापार चालली आणि काय व्हायचं ते अजून ठरलंच नाही? मग पेढे कसले वाटतोयस रे?”

“त्याचेच, अक्का,” अण्णा म्हणाले. “आमच्या घरात आजवर सगळ्यांचं जन्माआधीच ठरलेलं असायचं.”